विषाच्या पेल्यातून उगवलेल्या पाठशाळा

प्रश्न विचारतो म्हणून ज्या अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला, त्याच अथेन्सने पुढे दीडशे वर्षांच्या आत एका परदेशी तत्त्वज्ञाला सोन्याचा मुकुट अर्पण केला. मधल्या काळात त्या शहराने चार पाठशाळा पाहिल्या होत्या. एक ऑलिव्हच्या राईत, एक तालमीच्या आवारात, एक घरामागच्या बागेत आणि एक भर बाजारातल्या ओवरीत. ही त्या पाठशाळांची जन्मकथा.

इसवी सनापूर्वी ३०७ च्या सुमाराची गोष्ट. अथेन्सच्या नागरिकसभेपुढे सोफोक्लिस नावाच्या एका गृहस्थाने ठराव मांडला. (हा प्रसिद्ध नाटककार सोफोक्लिस नव्हे, तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच वारला होता.) ठरावातील मागणी थोडक्यात अशी: नगराची कार्यकारी समिती आणि नागरिकसभा यांच्या परवानगीशिवाय कोणाही तत्त्वज्ञाने पाठशाळा चालवू नये, चालवली तर शिक्षा देहान्ताची.

ठराव मंजूर झाला. त्या वेळी शहरातील सर्वांत गजबजलेली पाठशाळा थिओफ्रास्टसची होती. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य. त्याच्या व्याख्यानांना दोन हजारांपर्यंत विद्यार्थी येत, असे प्राचीन चरित्रकार सांगतात. त्याने गाशा गुंडाळला आणि शहर सोडले. त्याच्यामागोमाग इतर तत्त्वज्ञही बाहेर पडले.

लोकांचा राग केवळ अज्ञानातून आलेला नव्हता. त्याआधी दहा वर्षे मॅसिडोनियाच्या वतीने अथेन्सवर जो कारभारी राज्य करत होता, तो फालेरमचा डिमिट्रिअस हा थिओफ्रास्टसचाच शिष्य होता. त्याची सत्ता उलथली, लोकशाही परत आली आणि लोकांना वाटले, हुकूमशहांना तयार करणाऱ्या या पाठशाळांना आता चाप लावलाच पाहिजे. प्रश्न असा होता: विचार शिकवायला सरकारची परवानगी लागावी का?

या प्रश्नाचे उत्तर अथेन्सने काय दिले, ते पुढे येईलच. पण त्याआधी, चार माणसे एकत्र बसून चर्चा करतात ही गोष्ट एखाद्या शहराला इतकी धोक्याची वाटावी, इतके बळ त्या चर्चेत आले कुठून, हे पाहायला हवे.

बंदरातील प्रश्न

ग्रीक तत्त्वज्ञानाचा जन्म अथेन्समध्ये झाला नाही. तो झाला समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, मायलेटस नावाच्या बंदरात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात हे श्रीमंत व्यापारी शहर होते. तिथे इजिप्तचे गलबत लागे, बाबिलोनियाकडची माहिती येई, काळ्या समुद्राकाठच्या वसाहतींतून धान्य येई. मालाबरोबर देवांच्या कथाही येत. प्रत्येक देशाची सृष्टीच्या उत्पत्तीची कथा वेगळी. मग खरी कोणती?

या शहरातील थेलीजने कथा बाजूला ठेवली आणि साधा प्रश्न विचारला: हे सगळे मुळात कशाचे बनले आहे? त्याचे उत्तर होते, पाण्याचे. इ. स. पूर्व ५८५ मधील सूर्यग्रहणाचे भाकीत त्याने केले होते, असे इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. ॲरिस्टॉटलने त्याची एक मजेदार हकीकतही सांगितली आहे. तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, असे लोक थेलीजला हिणवत. तेव्हा पुढच्या हंगामात ऑलिव्हचे पीक अमाप येणार हे ओळखून त्याने हिवाळ्यातच गावोगावचे तेलाचे घाणे थोडक्या पैशांत भाड्याने घेऊन ठेवले. हंगाम आला, घाण्यांसाठी धावाधाव सुरू झाली आणि थेलीजने मनमानेल ते भाडे आकारून पैसा मिळवला. तत्त्वज्ञाला श्रीमंत होता येते. फक्त त्याला त्यात रस नसतो, एवढेच त्याला दाखवायचे होते.

पण थेलीजपेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच्यानंतर घडली. त्याच्याच गावचा ॲनॅक्सिमँडर म्हणाला, मूळ पाणी नव्हे. मूळ म्हणजे ज्याला सीमा नाही, आकार नाही असे काहीतरी. त्यानंतरचा ॲनॅक्सिमेनिस म्हणाला, दोघेही चुकले. मूळ हवा आहे. तिघांचीही उत्तरे आज शाळकरी मुलालाही पटणार नाहीत. मात्र आधीच्याचे मत नंतरच्याने उघडपणे खोडून काढावे आणि त्यात त्याचा अपमान आहे असे कोणी मानू नये, ही रीत तिथे पडली. पुढच्या सगळ्या पाठशाळांचे बीज या रीतीत आहे.

मायलेटसमध्ये इमारत नव्हती, वर्ग नव्हते. आणि इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराणी सैन्याने ते शहरच उद्ध्वस्त केले.

मौन आणि मोल

त्याआधीच एक माणूस त्या किनाऱ्याजवळच्या सॅमॉस बेटावरून उठून थेट दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक वसाहतीत गेला होता. तो पायथागोरस. भूमितीतल्या काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयामुळे त्याचे नाव आपल्याकडे आठवी-नववीतल्या मुलांनाही पाठ असते. पण आपल्या काळात तो प्रसिद्ध होता तो एका पंथाचा संस्थापक म्हणून. इ. स. पूर्व ५३० च्या सुमारास त्याने जी मंडळी जमवली, ती एखाद्या मठासारखी राहात. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे ती मानत. खाण्यापिण्याचे कडक नियम होते. आत चाललेले बाहेर बोलायचे नाही, असा दंडक होता. वाद निघाला की ‘स्वतः त्यांनी सांगितले आहे’ एवढे म्हटले की वाद संपे. मायलेटसच्या अगदी उलट!

क्रोटोनच्या राजकारणात या मंडळींचे वजन वाढले, तसे त्यांचे शत्रूही वाढले. त्यांच्या सभागृहांवर हल्ले झाले, पंथ पांगला. विचार करणाऱ्यांचा गट बंद दाराआड गेला की बाहेरच्यांना त्याची भीती वाटू लागते, हा धडा ग्रीक जगाला इथे पहिल्यांदा मिळाला.

दुसरा प्रकार याच्या उलट टोकाचा होता. पाचव्या शतकात अथेन्स वैभवाच्या शिखरावर होते. लोकशाही होती; सभेत आणि न्यायालयात ज्याला बोलता येई, तो पुढे जाई. साहजिकच बोलणे शिकवणाऱ्यांना मागणी आली. गावोगाव फिरून पैसे घेऊन शिकवणाऱ्या या गुरूंना सोफिस्ट म्हणत. प्रोटॅगोरस हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. सिसिलीतला गॉर्जियस इ. स. पूर्व ४२७ मध्ये वकील म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणाने शहर थक्क झाले. प्रॉडिकस नावाच्या सोफिस्टाचे दोन दर होते: शब्दांच्या अर्थावरचा साग्रसंगीत पाठ पन्नास द्राक्मांचा आणि त्याचीच छोटी आवृत्ती एका द्राक्माची. त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राक्मा होती. म्हणजे पूर्ण पाठ ऐकायला गवंड्याची जवळजवळ दोन महिन्यांची कमाई! महागड्या शिकवण्या काही आजच्या नाहीत.

ना पाठशाळा, ना पुस्तक

या सगळ्यांमध्ये एक माणूस असा होता की, ज्याने फी घेतली नाही, पुस्तक लिहिले नाही आणि आपण कुणाचे गुरू आहोत हेही कधी मान्य केले नाही. सॉक्रेटिस हा पाथरवटाचा मुलगा, आई सुईण. तो बाजारात, तालमीत, चांभाराच्या दुकानात भेटेल त्याला विचारी: शौर्य म्हणजे काय? न्याय म्हणजे काय? समोरचा आत्मविश्वासाने उत्तर देई आणि चार प्रश्नांनंतर गोंधळून जाई. तरुण मुलांना हे पाहायला मोठी मजा वाटे. ती घरी जाऊन वडिलांना असेच प्रश्न विचारू लागली. वडिलांना त्यात मजा वाटली नाही.

इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरले. तीस जणांच्या जुलमी टोळीने काही महिने शहरात रक्तपात केला. त्या टोळीचा म्होरक्या क्रिटियस हा एकेकाळी सॉक्रेटिसच्या भोवती वावरणारा होता. लोकशाही परतली, पण मनातला डंख राहिला. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. आरोप दोन: तो नगराच्या देवांना मानत नाही, नवीच दैवते आणतो, आणि तो तरुणांना बिघडवतो. पाचशेच्या आसपास नागरिकांनी निवाडा दिला. प्लेटोने नोंदवल्याप्रमाणे, फक्त तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. पण तो सुटला नाही. तुरुंगात त्याला विष प्यावे लागले.

त्याचे शिष्य हादरले. काही जण अथेन्स सोडून जवळच्या मेगारा गावी सहाध्यायी युक्लिडिसच्या आश्रयाला गेले. गुरूने लिहिलेले काहीच मागे नव्हते. ना मठ, ना गादी, ना ग्रंथ. आता एकच प्रश्न होता: हा माणूस मेल्यावर त्याचे प्रश्न जिवंत ठेवायचे कसे?

प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर शोधले. युक्लिडिसने मेगारात तर्कशास्त्राची परंपरा सुरू केली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनी गावच्या ॲरिस्टिपसने सुखालाच आयुष्याचे ध्येय मानणारा पंथ काढला. अँटिस्थेनिसने साधेपणा आणि कष्ट यांचा पुरस्कार केला. एकाच गुरूचे शिष्य, आणि मते परस्परविरोधी! कारण गुरूने मते दिलीच नव्हती. सवय दिली होती.

भोपळ्याचे कूळ कोणते?

या शिष्यांपैकी प्लेटो हा खानदानी घराण्यातला. गुरूच्या मृत्यूनंतर तो बरीच वर्षे हिंडला. इटलीत पायथागोरसच्या अनुयायांना भेटला, सिसिलीच्या राजदरबारी गेला आणि तिथल्या हुकूमशहाची त्याच्यावर इतकी खप्पा मर्जी झाली की, त्याला गुलाम म्हणून विकले गेले, अशी कथा आहे. एका परिचिताने पैसे भरून त्याला सोडवले. मित्रांनी ते पैसे परत करायला जमवले, तर त्या सज्जनाने ते घ्यायला नकार दिला. त्याच पैशातून प्लेटोसाठी एक बाग विकत घेतली गेली. कथा खरी असो वा नसो, इ. स. पूर्व ३८७ च्या सुमारास अथेन्सच्या तटाबाहेर सुमारे दीड किलोमीटरवर प्लेटोची पाठशाळा सुरू झाली, हे निश्चित.

ती जागा अकादमॉस नावाच्या पुराणवीराची पवित्र राई होती. तिथे ऑलिव्हची झाडे होती, सार्वजनिक तालीम होती. त्या वीराच्या नावावरून पाठशाळेला ‘अकादमी’ म्हणू लागले. भारत सरकारने १९५४ मध्ये स्थापन केलेल्या साहित्य अकादमीपासून गल्लीतल्या क्रिकेट अकादमीपर्यंत आपण जो शब्द वापरतो, तो या राईतून आला आहे.

अकादमीत फी नव्हती. गणित, खगोल, राज्यशास्त्र यांवर चर्चा चाले. सगळ्यांनी प्लेटोचीच री ओढावी, अशी सक्ती नव्हती. शहरातल्या लोकांना हे सगळे चमत्कारिक वाटे. एपिक्रेटिस या विनोदी नाटककाराने एका प्रवेशात या विद्यार्थ्यांची मस्त टर उडवली आहे. प्लेटोचे शिष्य खाली मान घालून गंभीरपणे विचार करत आहेत. समोर भोपळा आहे आणि प्रश्न आहे, भोपळ्याचे कूळ कोणते? एक म्हणतो गोल भाजी, दुसरा म्हणतो गवत, तिसरा म्हणतो झाड. बाजूला उभा असलेला सिसिलीचा वैद्य हे ऐकून असभ्यपणे आपला निषेध व्यक्त करतो. पण प्लेटो न चिडता शांतपणे म्हणतो, पुन्हा सुरुवात करा. चेष्टा आहे खरी, पण ‘पुन्हा सुरुवात करा’ हे त्या पाठशाळेचे अचूक वर्णन आहे.

या अकादमीत सतरा वर्षांचा एक मुलगा उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावाहून आला आणि वीस वर्षे राहिला. तो ॲरिस्टॉटल. गुरूबद्दल त्याला अपार आदर होता, तरी गुरूचे मुख्य मत त्याने नाकारले. प्लेटोच्या मते, आपल्याला दिसते ते जग अपूर्ण छायेसारखे. खरी, अविकारी रूपे बुद्धीलाच कळतात. ॲरिस्टॉटल म्हणाला, आधी जे दिसते ते नीट पाहा. इ. स. पूर्व ३३५ मध्ये त्याने अथेन्सच्या दुसऱ्या टोकाला, अपोलो लायकियसच्या राईतल्या तालमीत स्वतंत्र पाठशाळा सुरू केली. तिचे नाव लायसियम. मासे, पक्षी, कीटक यांची निरीक्षणे तिथे झाली. १५८ राज्यघटनांची माहिती गोळा केली गेली. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरचा ग्रंथ इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

इ. स. पूर्व ३२३ मध्ये सिकंदर वारला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध संताप उसळला. सिकंदराचा एकेकाळचा शिक्षक असलेल्या ॲरिस्टॉटलवरही धर्मद्रोहाचा आरोप आला. अथेन्सला तत्त्वज्ञानाविरुद्ध दुसऱ्यांदा पाप करू देणार नाही, असे म्हणून तो कॅल्किसला निघून गेला, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी तो वारला.

बाग आणि ओवरी

सिकंदरानंतरचा काळ अस्थिर होता. छोट्या नगरराज्यांचे स्वातंत्र्य गेले. सैन्ये येत, राजे बदलत. पूर्वी तरुण विचारत, चांगले राज्य कसे असावे? आता माणसे विचारू लागली, अशा जगात सुखाने जगावे कसे? या प्रश्नाला दोन नव्या पाठशाळांनी दोन उत्तरे दिली.

एपिक्युरस हा सॅमॉस बेटावर वाढलेला. इ. स. पूर्व ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये ऐंशी मिना, म्हणजे आठ हजार द्राक्मा देऊन एक बाग घेतली. त्याची शिकवण अशी: सगळे जग अणूंचे आहे, देव असतील, पण ते आपल्या भानगडीत पडत नाहीत, मेल्यावर जाणीवच उरत नाही, म्हणून मृत्यूची भीती बाळगण्यात अर्थ नाही. सुख हेच ध्येय, पण सुख म्हणजे चैन नव्हे. शरीराला वेदना नसणे आणि मनाला तळमळ नसणे. साधे अन्न आणि चांगले मित्र एवढ्यावर ते मिळते. विरोधकांनी मात्र त्याला खादाड आणि विलासी ठरवले आणि ती बदनामी आजतागायत टिकली.

दुसरा झेनो, सायप्रसच्या सिटियम गावचा व्यापारी. त्याचे जहाज फुटले आणि तो अथेन्सला येऊन पुस्तकांच्या दुकानात बसला, असे सांगतात. दुकानदार सॉक्रेटिसच्या आठवणींचे झेनोफोनचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. झेनोने विचारले, अशी माणसे कुठे भेटतात? तेवढ्यात रस्त्यावरून क्रेटिस हा फकिरी वृत्तीचा तत्त्वज्ञ चालला होता. दुकानदार म्हणाला, त्याच्या मागे जा. रांजणात राहणाऱ्या सुप्रसिद्ध डायोजिनिसचा हा अनुयायी. झेनो त्याच्या मागे गेला.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झेनो स्वतः शिकवू लागला. त्याच्याकडे बाग नव्हती, राई नव्हती. तो बाजारचौकाच्या कडेला असलेल्या चित्रांच्या ओवरीत येरझाऱ्या घालत बोले. ओवरीला ग्रीक शब्द ‘स्टोआ’. म्हणून हे लोक स्टोइक. त्यांचे सांगणे: जे आपल्या हातात आहे, म्हणजे आपला विवेक आणि आपले वागणे, ते सांभाळा, जे हातात नाही, ते शांतपणे स्वीकारा. झेनोचा वारस क्लिअँथिस हा एकेकाळचा मुष्टियोद्धा. तो रात्री बागांना पाणी भरून पोट भरी आणि दिवसा शिके.

गादी कोणाची, जमीन कोणाची?

या पाठशाळा टिकल्या कशा? याचे उत्तर तत्त्वज्ञानात कमी आणि मृत्युपत्रांत जास्त आहे. डायोजिनिस लाएर्टियस या चरित्रकाराने अशी काही मृत्युपत्रे जपून ठेवली आहेत.

अडचण कायद्याची होती. अथेन्समध्ये नागरिक नसलेल्याला जमीन विकत घेता येत नसे. तिथल्या सातबाऱ्यावर परक्याचे नाव चढत नसे, म्हणा ना! ॲरिस्टॉटल परका होता. त्यामुळे लायसियममध्ये त्याच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. थिओफ्रास्टसला शिष्य डिमिट्रिअसच्या मदतीने बाग मिळाली. मृत्युपत्रात त्याने ती कुणा एका वारसाला न देता, मित्रांच्या मंडळाला दिली: विकायची नाही, कुणी खाजगी करायची नाही, देवस्थानासारखी सामायिक वापरायची. आजच्या भाषेत, विश्वस्त मंडळ!

एपिक्युरसने याहून हुशारी केली. त्याचा वारस हर्मार्कस परगावचा. म्हणून एपिक्युरसने मालमत्ता दोन अथेनियन नागरिकांच्या नावे केली, पण अट घातली की, बाग हर्मार्कस आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना शिकवण्यासाठी मोकळी ठेवावी. त्याच मृत्युपत्रात त्याने मिस नावाच्या आपल्या गुलामाला स्वतंत्र केले. हा मिस बागेतल्या तत्त्वचर्चेतही भाग घेत असे. फेड्रियम या दासीलाही मुक्ती मिळाली.

स्त्रियांना अथेन्समध्ये सभेत स्थान नव्हते. तरी अकादमीत मँटिनियाची लास्थेनिया आणि फ्लायसची ॲक्सिओथिया या दोघी शिकल्याची नोंद आहे; ॲक्सिओथिया पुरुषी पोशाख करून येई म्हणतात. एपिक्युरसच्या बागेत लिओंटियन होती. हिपार्किया या श्रीमंत घरच्या मुलीने घरच्यांचा विरोध पत्करून कफल्लक क्रेटिसशी लग्न केले आणि त्याच्याबरोबर भर रस्त्यात वाद घालत हिंडली.

अर्थात या नावांनी हुरळून जाऊ नये. ती मोजकीच आहेत. इंग्रजी ‘स्कूल’ शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत असा आहे. आणि काही माणसांना फुरसत मिळत होती, कारण शेतात, खाणीत आणि स्वयंपाकघरात गुलाम राबत होते. ॲरिस्टॉटलसारख्या बुद्धिमंतानेही गुलामगिरीचे समर्थन केले. दुसऱ्यांच्या समजुती तपासणाऱ्यांनीही सगळ्याच समजुती तपासल्या नाहीत.

विष ते मुकुट

आता त्या ठरावाकडे वळू. अथेन्सच्या कायद्यात एक सोय होती. एखादा ठराव मुळातच बेकायदेशीर आहे, असे वाटले तर मांडणाऱ्यावर खटला भरता येई. ॲरिस्टॉटलचा शिष्य फिलॉन याने सोफोक्लिसवर असाच खटला भरला. ठरावाच्या बाजूने बोलायला प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिसचा भाचा डेमोकारिस उभा राहिला. तत्त्वज्ञांच्या शिष्यांतून किती हुकूमशहा निघाले, याचा पाढा त्याने वाचला. पण निकाल फिलॉनच्या बाजूने लागला. सोफोक्लिसला पाच टॅलन्ट, म्हणजे तीस हजार द्राक्मा दंड झाला. कायदा रद्द झाला आणि वर्षभरात थिओफ्रास्टस परतला.

सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे पूर्ण व्हायला अजून काही वर्षे बाकी होती. त्याला ज्या प्रकारच्या नागरी न्यायालयाने दोषी ठरवले, तशाच न्यायालयाने आता विचार शिकवायला परवानगी लागत नाही, असा निवाडा दिला होता. पुढे इ. स. पूर्व २६२ च्या सुमारास झेनो गेला, तेव्हा नगराने ठराव करून त्याला सोन्याचा मुकुट आणि सरकारी खर्चाने समाधी दिली. कारण? त्याने तरुणांना सद्गुणाची वाट दाखवली आणि जे शिकवले तसेच तो जगला. सॉक्रेटिसवरचा आरोप आठवा: तरुणांना बिघडवतो!

या पाठशाळांचा भारताशीही थोडा संबंध आला. सिकंदराबरोबर आलेल्या ओनेसिक्रिटस या डायोजिनिसच्या शिष्याने तक्षशिलेजवळच्या नग्न साधूंशी दुभाष्यांमार्फत संवाद केला. त्याच मोहिमेत आलेला पिऱ्हो अशाच साधूंना भेटून परतला आणि पुढे, कशाचाही ठाम निर्णय न देता मनःशांती राखावी, असे सांगणाऱ्या संशयवादी परंपरेचा तो आद्य पुरुष ठरला.

निवडीचे पाखंड झाले

इ. स. पूर्व १५५ मध्ये अथेन्सवर ठोठावलेला पाचशे टॅलन्टचा दंड कमी करून घ्यायला शहराने सेनापती पाठवले नाहीत. तीन पाठशाळांचे तीन तत्त्वज्ञ पाठवले. दंड शंभर टॅलन्टवर आला. अकादमीच्या कार्निॲडिसने रोममध्ये एक दिवस न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी न्यायाच्या विरुद्ध तितकेच प्रभावी भाषण केले. रोमन तरुण वेडे झाले आणि वृद्ध केटोने यांना लवकर घरी पाठवा म्हणून तगादा लावला.

इ. स. पूर्व ८७-८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सला वेढा घातला, तेव्हा युद्धयंत्रांच्या लाकडासाठी अकादमी आणि लायसियमच्या राया तोडल्या गेल्या. झाडे गेली, तरी विचार गेले नाहीत. इसवी सन १७६ मध्ये स्टोइक विचारांच्या सम्राट मार्कस ऑरेलियसने अथेन्समध्ये चारही परंपरांच्या शिक्षकांसाठी सरकारी वेतन सुरू केले. स्वतःच्या पंथापुरते नव्हे, प्रतिस्पर्ध्यांसाठीसुद्धा. शेवटी इसवी सन ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या फर्मानाने अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे शिक्षण थांबले. सात तत्त्वज्ञ इराणच्या दरबारी आश्रयाला गेले. ५३२ च्या तहात, त्यांना आपल्या देशी निर्धोकपणे राहता यावे, अशी अट इराणच्या राजाने घालून घेतली.

त्या काळात एका शब्दाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ग्रीक लोक तत्त्वज्ञानाच्या पंथाला ‘हायरेसिस’ म्हणत. अर्थ साधा: निवड. चार पाठशाळा आहेत, ऐका आणि निवडा. पुढे धर्मसत्तेच्या युगात हाच शब्द पाखंड या अर्थाने रूढ झाला. निवड करणे हाच गुन्हा ठरला.

१९८१ मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या उत्तर कडेला झेनोच्या ओवरीचा काही भाग उत्खननात सापडला. १९९६ मध्ये नव्या संग्रहालयासाठी खोदताना लायसियमच्या तालमीचे अवशेष मिळाले. २०१४ मध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. अकादमीच्या जागी सार्वजनिक उद्यान आहे. आजूबाजूच्या वस्तीतली मुले तिथे खेळतात.

दगड थोडेच उरले आहेत. उरली ती मायलेटसच्या बंदरात पडलेली रीत: मोठ्यांना मान द्यावा, पण त्यांचे म्हणणे तपासून घ्यावे. ही रीत सुरू व्हायला राई लागत नाही, ओवरीही लागत नाही. घरातल्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले आणि त्याला गप्प बसवले गेले नाही, तरी पुरते.